रनिंग कमी म्हणजे गाडी चांगली, असं नसतं
जुनी ऑडी ए३ घ्यावी की मर्सिडीज सीएलए, असं विचारलं की सल्ला ठरलेला: ‘जिचं रनिंग कमी, ती उचला.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि लोकांना फार महागात पडतो. गाडी नुसती उभी असली तरी रबरी बुश, सील कडक होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. बीएस-६ डिझेल गाडी रोज दोन-चार किलोमीटरच फिरली, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो. टायरचं वय कळायला त्याच्या कडेला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा: ‘२३१७’ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. शिवाय मीटर मागे फिरवणारेही आहेतच. मी तर दरवर्षी वेळेवर सर्व्हिसिंग झालेली, ७०,००० किलोमीटर चाललेली गाडी निवडेन. मग बोनेटवर चिन्ह कुठलंही असो.