षटकोनी गोधडी

षटकोनी गोधडी : कागदाच्या किंवा प्लॅस्टिकच्या सहा बाजूंच्या साच्यावर कापडाचे लहान तुकडे दुमडून, ते काठाला काठ लावून हाताने जोडत केलेले पांघरूण. एका तुकड्याभोवती सहा तुकडे बसले की फूल होते. त्याला आणखी १२ तुकड्यांचा वेढा दिला की १९ तुकड्यांचे मोठे फूल. पाहणाऱ्याला कापडच दिसते, पण काम खरे कागदाचे असते. कापड ताणले जाते, तिरके ओढले जाते. कागद आपले माप सोडत नाही. शिवण पुरी होईपर्यंत तो आत राहतो आणि मग काढून घेतला जातो.

नाशिककडची घरोघरची गोधडी याच्या अगदी उलट वळणाची. तिला साचा नसतो. जुनी नऊवारी, धोतरे, चादरी एकावर एक अंथरायच्या, विरलेल्या जागी ठिगळ लावायचे आणि बहुधा कडेपासून आत धावदोरा घालत यायचे. माप सगळे नजरेचे. ठिगळ बोटभर सरकले तर कुणी हटकत नाही, उलट त्यातच गोधडीची शोभा असते. षटकोनात ही मोकळीक नाही. साठ इंच रुंदीच्या गोधडीत एक इंची बाजूचे सुमारे ३५ षटकोन एका ओळीत बसतात. प्रत्येक साचा अर्धा मिलिमीटर मोठा कापला गेला तर ओळीच्या टोकाला १७ मिलिमीटरचा फरक पडतो आणि शेजारची ओळ जुळायचे नाव घेत नाही.

कागदावर कापड दुमडून जोडण्याची रीत ब्रिटनमधली. तिथे १७१८ साल घातलेली एक रेशमी तुकड्यांची चादर जपून ठेवली आहे; तिच्या आत मूळचे कागद अजून आहेत. जुन्या चादरींतून पत्रे, हिशेबाच्या वह्यांची पाने, बिले निघतात आणि त्यांवरून काळ ठरवायला मदत होते. अठराव्या शतकात या कामात हिंदुस्थानी छिटाला मोठा मान होता. १७२१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये छापील सुती कापड वापरायला बंदी घातली, ती १७७४ मध्ये उठली. अमेरिकेत ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने १८३५ मध्ये षटकोनी नमुना छापला. १९३० च्या आसपासच्या मंदीत हाच नमुना ‘आजीची फुलबाग’ या अर्थाच्या नावाने तिथे घराघरांत पोहोचला. म्हणजे ज्या कापडाचे तुकडे तिकडे जपून वापरले जात, ते मुळात इकडून गेलेले. रीत मात्र तिकडून आली.

साचा करायला शाळेची कंपासपेटी पुरते. वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा करायच्या आणि त्या जोडायच्या; षटकोनाची बाजू त्रिज्येइतकीच असते. म्हणून माप सांगताना रुंदी सांगत नाहीत, एका बाजूची लांबी सांगतात. नवशिक्याने एक किंवा सव्वा इंचापासून सुरुवात करावी. अर्ध्या इंचाच्या मोहात पडलेली कामे बहुतेक उशीच्या अभ्र्यावर येऊन थांबतात. कागदाला लग्नपत्रिकेसारखा कडकपणा हवा. जुन्या पत्रिका, कार्डशीट, जाड कॅलेंडरची पाठ यांतून हवे तेवढे साचे निघतात. वहीचा कागद दुमडताना दबतो, पुठ्ठ्याची घडी जाड होते. साचे झेरॉक्स करून घेतले तर एकाची बाजू पट्टीने मोजूनच पुढचे काढावेत, कारण यंत्र कधीकधी पानात बसवण्यासाठी आकृती किंचित लहान करते.

प्लॅस्टिकचा साचा पुन्हापुन्हा वापरता येतो. जुनी एक्स-रे फिल्म यासाठी नामी: कात्रीने कापता येते, कड झिजत नाही आणि आरपार दिसत असल्याने ब्लाउजपीसवरचा एखादा बुट्टा नेमका मध्ये धरता येतो. तोटा एकच, इस्त्री लावली की ती आकसते. त्यामुळे अनेकजणी कापड आखायला प्लॅस्टिक आणि आत ठेवायला कागद अशी वाटणी करतात.

कापड सुती हवे, आणि आधी धुतलेले. मलमल आटते, गडद लाल व निळा रंग सुटतो. मालेगावच्या मागांवरचे साधे सुती, मेन रोडवरच्या दुकानांतले कटपीस, शिंप्याकडच्या चिंध्या, सगळे चालते. पण एकाच गोधडीत जाड-पातळ मिसळू नये. येवल्याच्या पैठणीचा तुकडा हाताशी असला की तो लावायचा मोह होतोच. रेशीम सुईखालून निसटते आणि जरीची तार टोचते, तेव्हा तो फुलाच्या मध्यापुरता ठेवलेला बरा. मऊ पडलेल्या साडीला साबुदाण्याची पातळ खळ दिली की घडी धारदार बसते.

साच्याभोवती पाव इंच कड सोडून कापड कापतात, कड मागे वळवतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कच्चा टाका घालून ती धरून ठेवतात. गोंदाच्या कांडीने काम लवकर उरकते, पण पुढे कागद सोडवताना तो वेळ वसूल होतो. मग दोन षटकोन सुलट बाजूला सुलट बाजू लावून धरायचे आणि बारीक सुईने काठावरचे दोन-तीन धागेच उचलत तिरके टाके घ्यायचे. सुई कागदात शिरता कामा नये. तिसरा तुकडा दोघांच्या खाचेत बसवताना कागदासकट मधला षटकोन बिनधास्त दुमडावा. नवख्या हातांना इथेच भीती वाटते. ज्या तुकड्याच्या सहाही बाजू शिवून झाल्या त्याचा कागद काढता येतो. कडेचे कागद शेवटपर्यंत राहू द्यावेत, नाहीतर कड ताणून वेडीवाकडी होते.

साठ बाय नव्वद इंचाला एक इंची बाजूचे सुमारे २,०८० षटकोन लागतात. त्यांच्या मधल्या शिवणी सहा हजारांच्या घरात. इंचाला १२ टाके धरले तर ७० हजारांवर टाके. म्हणून हे काम पिशवीतून हिंडते: नाशिक रोडहून सुटणाऱ्या गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, दुपारच्या चहानंतर.

वरचा पदर तयार झाल्यावर गोधडी पुन्हा इकडच्या वळणावर येते. आत कापूस भरण्याऐवजी दोन-तीन जुन्या साड्या आणि खाली अस्तर घालून धावदोरा मारला की नाशिकच्या डिसेंबरला पुरते. थंडीच्या बातमीत ज्याचे नाव हमखास येते त्या निफाडकडे आणखी एक थर लागतो. ब्रिटनमधल्यासारखे कागद आत ठेवून मात्र चालत नाही. पावसाळ्यात ते दमट होतात, कसर लागते.

घट बसण्याआधी घरातल्या गोधड्या धुवायला काढतात, तेव्हा ही वेगळी ठेवावी. गार पाण्यात बुडवून हाताने दाबून धुवावी, न पिळता सावलीत आडवी पसरून वाळवावी. दगडावर आपटून किंवा धोपटून धुतली तर काठावरचे बारीक टाके उसवतात, आणि एक टाका सुटला की पाकळी सगळी मोकळी होते.