रानात राबणं आणि व्यायाम करणं: फरक नेमका कुठं?

"दिसभर रानातच असताव की. अजून कुठला व्यायाम?"

लातुरात एका फिजिओथेरपीच्या खोलीत माझ्या आत्यानं हा सवाल टाकला, तेव्हा मलाही तो बिनतोड वाटला होता. आत्या औसा तालुक्यातली, साठी गाठलेली. सोयाबीनची खुरपणी, मग काढणी, मग हरभरा, असं तिचं वर्ष. दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात. आधी एका ठिकाणी एक्स-रे बघून "झीज झालीय, आता आराम करा" एवढंच सांगून पाठवलं होतं. ज्या घरात आराम ही वस्तू कधी आलीच नाही, तिथं ती चिठ्ठीवर लिहून देऊन काय उपयोग?

फिजिओ मॅडमनी वाद घातला नाही. बिनहाताची एक खुर्ची भिंतीला टेकवली आणि म्हणाल्या, "मावशी, हात छातीवर बांधा. तीन मोजत हळू उठा, तीन मोजत हळू बसा." पहिल्या चार वेळा आत्या झोकात उठली. पाचव्याला मोजणी तुटली. सातव्याला ती खुर्चीत धपकन बसली आणि लुगड्याखाली मांड्या थरथरताना मला लांबून दिसल्या. आठव्यांदा उठायला हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"रानात तर मी दिसभर उठबस करते," आत्या जरा रागानंच म्हणाली.

"रानात तुम्ही बसता, मावशी. उठत नाही."

बरोबर होतं. खुरपायला एकदा पात, म्हणजे वाट्याला आलेली पिकाची ओळ, धरली की बाई उकिडवी बसते ती पात संपेपर्यंत. पुढं सरकते ते बसल्या बसल्या. उठते ते गुडघ्यावर हात रेटून, नाहीतर शेजारणीचा खांदा धरून. गुडघा तासन्‌तास पुरता दुमडलेला, आणि पाय ताठ करताना मांडीचा जो स्नायू लागतो त्याला दिवसभरात काम जवळपास नाहीच. तासन्‌तास उकिडवं बसणं आणि ओझी उचलणं यांचा गुडघ्याच्या संधिवाताशी संबंध असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणि त्याच संधिवातात मांडीला ताकद देणारा व्यायाम केला की दुखणं कमी होतं, हेही तितक्याच ठामपणे दिसलं आहे. पाय तेच, गुडघा तोच, घामही तोच. मग एकानं बिघडतं आणि दुसऱ्यानं सुधारतं, हे कसं?

शब्दांपासून सुरुवात करू. 1985 साली कॅस्परसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात याची फोड करून ठेवली, आणि संशोधक आजही तीच वापरतात. स्नायू हलवून शक्ती खर्च होते ती प्रत्येक गोष्ट म्हणजे शारीरिक हालचाल. त्यात पाणी शेंदणं आलं, मोळी उचलणं आलं, लेकराला कडेवर घेणंही आलं. व्यायाम हा या हालचालीचाच एक लहानसा तुकडा: ठरवून केलेला, आखलेला, पुन्हा पुन्हा केलेला, आणि ज्याचा हेतू शरीर घडवणं हाच आहे. म्हणजे प्रत्येक व्यायाम हालचाल आहे, पण प्रत्येक हालचाल व्यायाम नाही.

व्याख्या कागदावर ठीक. खरा फरक, माझ्या मते, 'आता थांब' हे कोण सांगतं यात आहे. व्यायामात शरीर सांगतं. कामात पात सांगते, मुकादम सांगतो, भरायला उभी असलेली ट्रॉली सांगते. कापूस वेचणीचा भाव किलोवर असतो. कंबर दुखली म्हणून बाईनं ओटी अर्धीच भरून रिकामी करायची ठरवली, तर गाठोड्यापर्यंतच्या खेपा वाढतात आणि संध्याकाळी काटा कमी दाखवतो. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता. एक थकला म्हणून दुसऱ्याची मोळी हलकी होत नाही, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, तर दिवाळीच्या आधीच घेऊन खर्चलेली असते.

हे नुसतं भावनिक बोलणं नाही. डेन्मार्कचे संशोधक आंद्रेयास होल्टरमान आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं याच कोड्याच्या मागं आहेत. 2021 साली कोपनहेगन परिसरातल्या 1,04,046 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचा धोका साधारण 40 टक्क्यांनी कमी दिसला. कामावर सर्वांत जास्त अंगमेहनत करणाऱ्यांत मात्र तो 27 टक्क्यांनी जास्त. त्याआधी 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षातही, जड अंगमेहनतीच्या कामातल्या पुरुषांत लवकर मृत्यूचा धोका 18 टक्क्यांनी अधिक आढळला होता.

होल्टरमान यांनी दिलेली कारणं वाचताना मला आमचं रानच दिसत होतं. काम आठ-दहा तास चालतं, पण बहुतेक वेळ मध्यम जोरानं. हृदय तगडं व्हायला ते थोडा वेळ जोरात पळवून मग निवांत सोडावं लागतं. इथं ते दिवसभर थोडं थोडं पळतच राहतं. ओझं उचललं, वाकून एकाच जागी राहिलं, मूठ घट्ट आवळली की रक्तदाब चढतो, आणि रोज तासन्‌तास चढलेला राहतो. एका दिवसाची झीज दुसऱ्या दिवसाआधी भरून निघायला वेळ मिळत नाही. आणि वेग, विसावा, ओझं यांतलं काहीच आपल्या हातात नसतं. स्नायू काय किंवा शिरा काय, ताण पडल्यावर बळकट होतात त्या विसाव्यात. ताण रोजचा आणि विसावा नाही, तर नुसती झिजवणूक.

आता याची दुसरी बाजू, कारण हे 27 टक्के घेऊन गावभर फिरणं मला पटत नाही. जड काम करणारा माणूस बहुधा गरीब असतो, त्याच्यात तंबाखू जास्त असते, दवाखान्यात तो उशिरा पोचतो. हे सगळं गणितातून वजा करायचा प्रयत्न होतो, पण ते पुरतं वजा होतंच असं नाही. त्याच 2021 साली नॉर्वेतल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात उलटं चित्र निघालं: अंगमेहनतीचं काम करणारे पुरुष, शिक्षण, धूम्रपान वगैरेंचा हिशेब धरल्यावर, बैठं काम करणाऱ्यांपेक्षा थोडे जास्तच जगले. भांडण अजून मिटलेलं नाही. शिवाय हे आकडे यंत्रं आणि कामाचे तास कायद्यानं बांधलेल्या देशांचे आहेत. बीडमधल्या केजच्या ऊसतोड्याला ते जसेच्या तसे चिकटवू नयेत.

खरं तर कामाच्या बाजूनं लागलेला निकाल फार जुना आहे. 1953 साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांत कमी. व्यायामाचं आधुनिक संशोधन इथूनच सुरू झालं असं मानतात. पण मॉरिस हुशार माणूस. ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? म्हणून 1956 मध्ये त्यांनी या लोकांच्या गणवेशाची मापं काढली, आणि ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला जास्त रुंद निघाल्या. आपल्याच निकालावर शंका घेऊन दुसऱ्याच्या पँटीची मापं तपासणारा संशोधक मला फार आवडतो. (लातूर-नांदेड एसटीत गर्दीतून तिकिटं फाडत जाणाऱ्या कंडक्टरला विचारलं, तर हा हृदयाचा फायदा तो लगेच ड्रायव्हरला देऊन टाकील.)

थोडक्यात, काम वाईट आणि व्यायाम चांगला अशी सरळ वाटणी होत नाही. कंबरेचं उदाहरण बघा. कंबर अचानक धरली तर काय करावं, यावर 1995 साली हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काहींना दोन दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, आणि काहींना म्हटलं, झेपेल तेवढं नेहमीचं चालू ठेवा. लवकर बरे झाले ते तिसरे. म्हणजे दुखणं ताजं असताना रोजची हलकी हालचाल व्यायामापेक्षाही सरस ठरली, आणि 'पडून राहा' सगळ्यांत मागं पडलं. पण तीच कंबर पुन्हा धरू नये यासाठी मात्र ठरवून केलेली गोष्ट लागते. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 701 जणांच्या अभ्यासात, बेतानं वाढवत नेलेलं चालणं आणि सोबत फिजिओचं मार्गदर्शन मिळालेल्यांना कंबरदुखी पुन्हा गाठेपर्यंत मध्यक 208 दिवस गेले, म्हणजे निम्म्यांना त्याआधी गाठलं, निम्म्यांना नाही. काही न मिळालेल्यांना 112. चालणंच ते. पण बेतलेलं.

'बेतलेलं' म्हणजे काय, ते बघायचं तर टाचेचं बघावं. टाचेवरची जी जाड शीर असते, अकिलिस, ती पळणाऱ्यांची दुखावते आणि महिनोन्‌महिने बरी होत नाही. 1998 साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी अशा 15 जणांना पायरीच्या काठावर चवड्यांवर उभं केलं आणि दुखरी टाच हळूहळू खाली सोडायला लावली. पंधराचे तीन फेरे, गुडघा ताठ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. थोडं दुखलं तरी चालू ठेवायचं. दुखेनासं झालं की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचं. सगळेच्या सगळे पुन्हा पळायला लागले. ज्या ताणानं शीर बिघडली, तसाच ताण मापून दिला तर ती सुधारली. औषध आणि विषात मात्रेचा फरक असतो, तसंच.

आणि हे आपल्या गावांना काही नवीन नाही. तालमीतल्या पोराला कुणी ऊस तोडायला पाठवत नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल ज्या मातीतून घडतो, तिथं वस्ताद जोर-बैठका मोजून घेतो, हळूहळू वाढवतो, मग खुराक, मालिश आणि झोप. तेवढ्याच बैठका सालगड्यानं खताची पोती उचलत मारल्या असत्या तर त्याला कुणी पैलवान म्हटलं नसतं. फरक सगळ्यांना ठाऊक होता. फक्त तो पोरांसाठी राखून ठेवला होता, बायांसाठी नाही.

शहरात चूक उलट्या दिशेनं होते. संभाजीनगरात बँकेत दिवसभर बसणारा माणूस "घरी भाजी मीच आणतो, तेवढा व्यायाम होतो" म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांप्रमाणे ते भाजी आणणंही धरलं जातं, अगदी पाच मिनिटांचं असलं तरी. पण हिशेब आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराच्या हालचालीचा आहे, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे. हा दुसरा भाग सगळेच विसरतात. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या मोठ्या पाहणीच्या 2014 मधल्या अहवालात, ज्यात महाराष्ट्रही होता, निम्म्याहून जास्त, 54.4 टक्के लोक निष्क्रिय निघाले. आणि फावल्या वेळात हालचाल करणारे दहा टक्केसुद्धा नाहीत.

तर रानात राबणाऱ्यानं व्यायाम करायचा तो कामाच्या वर आणखी काम म्हणून नाही. जे काम देत नाही, ते द्यायचं. वाकून राहणाऱ्याला मागं झुकणं, उकिडवं बसणाऱ्याला पाय ताठ करणं, दिवसभर रेंगाळत चालणाऱ्याला दहा मिनिटं दम लागेल असं चालणं. आणि सुगीच्या दिवसांत जमलं नाही तर सोडून द्यावं, त्याची टोचणी नको. पाय बधिर पडत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल किंवा रात्री पडल्या जागी दुखून झोपमोड होत असेल, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आत्याला तीनच गोष्टी मिळाल्या. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच मोजेपर्यंत खाली दाबायची. खुर्चीवरून उठबस, एक दिवसाआड. आणि खुरपताना प्रत्येक पातीच्या मध्ये एकदा उभं राहायचं, हात न टेकता. पहिल्या दोन तिनं मुकाट केल्या. तिसरीवर मात्र बाकीच्या बाया हसायच्या, कारण तिची पात मागं पडायची. मग तिनं शेजारणीलाही उठवायला सुरुवात केली.

परवा गेलो तर ओसरीत खुर्ची होती आणि आत्या पोटाशी पाच किलोची पिठाची पिशवी धरून उठत होती. अकराव्याला थांबली. "मॅडमनं बारा सांगितलेत," मी म्हटलं. पिशवी खाली ठेवत ती म्हणाली, "आज दिसभर काढणी केलीय. आज अकराच."