गिबेर आणि ग्रिबोव्हाल: नेपोलियनच्या आधीचे दोघं, आणि कायम होणारी गल्लत

नेपोलियनच्या सैन्याबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवातीलाच ही दोन नावं येतात. दोघं फ्रेंच, दोघं सात वर्षांच्या युद्धात (1756 ते 1763, युरोपातलं मोठं युद्ध) लढलेले, दोघांनी सैन्य सुधारायचा ध्यास घेतलेला, आणि मृत्यूही जवळजवळ एका वर्षाच्या अंतराने, ग्रिबोव्हाल 9 मे 1789 ला गेला आणि गिबेर 6 मे 1790 ला. मग गल्लत होणारच, पण त्यात नुकसान होतं ते गिबेरचं, कारण तोफ म्युझियममध्ये उभी करून दाखवता येते, पुस्तकातला विचार तसा दाखवता येत नाही.

ग्रिबोव्हाल म्हणजे तोफा, एवढं पक्कं धरा. जन्म 1715, आमिएनचा. युद्धात तो ऑस्ट्रियाच्या बाजूने लढला, 1762 मध्ये श्वाइडनित्सचा किल्ला त्याने प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या वेढ्यासमोर दोन महिने झुंजवला. परत आल्यावर 1765 पासून त्याने फ्रेंच तोफखाना नव्याने बांधायला घेतला. मैदानी तोफा फक्त 4, 8 आणि 12 पौंडी (म्हणजे गोळ्याचं वजन तेवढं), नळी आखूड आणि हलकी, गाड्यांचे भाग ठरलेल्या मापाचे म्हणजे मोडलं तर दुसरं बसवता येईल. आधी तोफेचं तोंड वरखाली करायला मागच्या बाजूला लाकडी पाचर सरकवायचे, प्रत्येक वेळी अंदाजच, त्याच्या तोफांना स्क्रू आला, फिरवला की हवं तेवढंच हलतं. जुन्या लोकांनी विरोध केला, मधे सगळं गुंडाळलं गेलं, 1774 ला परत आलं. तरुण नेपोलियन तोफखान्यात शिकला तो याच तोफांवर.

आता गिबेर, आणि माझ्या मते जास्त वाचायला हवा तो हाच. काउंट द गिबेर, जन्म 1743, मोंतोबांचा. वडीलही सैन्यातले, रोसबाखच्या लढाईत प्रशियाच्या हाती सापडले आणि कैदेत असतानाच तिथलं सैन्य कसं चालतं ते त्यांनी नीट बघून घेतलं. मुलगा तेराव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर छावण्यांमध्ये फिरला, पुढे कॉर्सिकाच्या मोहिमेत नाव काढलं, आणि 1770 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा डावपेचांवरचा ग्रंथ निनावी बाहेर आला. पॅरिस वेडं झालं त्याच्यामागे. व्होल्तेरने त्यावर कविता लिहिली, पॅरिसमध्ये विद्वानांच्या बैठका भरवणारी ज्युली द लेस्पिनास त्याच्या प्रेमात इतकी बुडाली की तिची त्याला लिहिलेली पत्रं आजही वाचली जातात.

ग्रंथात होतं काय? तेव्हा फ्रेंच सैन्यात भांडण चालू होतं, शत्रूवर लांब, पातळ रांगेतून गोळीबार करायचा की जाड कॉलम (एकामागे एक ओळी लावलेला दाट जमाव) करून घुसायचं. गिबेर म्हणाला, चालताना कॉलम, लढताना बहुतेक वेळा रांग, आणि खरा प्रश्न आहे तो एकातून दुसऱ्यात पटकन जायचा. तोपर्यंत सैन्याला रांग धरायलाच इतका वेळ लागायचा की शत्रूला सगळं आधीच कळायचं. त्याच्या पद्धतीत प्रत्येक तुकडी जवळच्या वाटेने थेट आपल्या जागी जाते, सेनापती शेवटच्या क्षणापर्यंत बेत लपवू शकतो. शिवाय धान्याच्या कोठारांना बांधून राहू नका, ज्या मुलखात युद्ध तिथेच पोट भरा, हेही त्याचंच. आणि गंमत बघा, ज्याला लोक तोफांचा माणूस समजतात तो गिबेर जास्त तोफांच्या विरोधात होता, सैन्य जड होतं म्हणून.

त्याच ग्रंथात त्याने आणखी एक लिहिलं होतं, की युरोपात एखादं राष्ट्र असं उठलं जिथे नागरिकच सैनिक आहेत, तर त्याच्यापुढे कोणी टिकणार नाही. या पानांसाठीच तो लक्षात राहायला हवा. पण 1779 च्या पुढच्या पुस्तकात त्याने स्वतःच हा विचार मागे घेतला, तरुणपणी डोक्यात शिरलेलं वारं म्हणून, आणि पगारी सैन्यच बरं असं ठरवलं. मला ते वाचून वाईट वाटलं होतं, कारण तोपर्यंत तो युद्धखात्यात वजनदार झाला होता, ती कल्पना पुढे न्यायची ताकद त्याच्याकडे होती. 1789 मध्ये एस्टेट्स जनरल या देशाच्या प्रतिनिधी सभेच्या निवडणुकीला उभा राहिला तर बूर्जच्या सभेत लोकांनी त्याला बोलूच दिलं नाही. शेवटी शेवटी तो म्हणायचा की लोक मला ओळखतील, न्याय मिळेल. तो गेल्यावर तीन वर्षांनी, ऑगस्ट 1793 मध्ये, फ्रान्सने सगळ्या देशालाच लढायला बोलावलं.