कोरियन भाषेतील नातेवाचक शब्द आणि नित्याची क्रियापदे

कोरियन शिकायला सुरुवात करताना नातेवाईकांचे शब्द आणि खाणे-पिणे, येणे-जाणे अशी क्रियापदे आधी पाठ करून घेतात. बहुतेक पाठांत ती दोन वेगळ्या याद्यांत असतात. ती खरे तर एकत्रच शिकावीत, कारण घरातल्या कोणाविषयी बोलतो आहोत यावर क्रियापद ठरते.

आई म्हणजे ‘ऑमोनी’, वडील ‘आबोजी’. लाडाने ‘ऑम्मा’ आणि ‘आप्पा’. आजोबा ‘हाराबोजी’, आजी ‘हालमोनी’. आईकडच्या आजी-आजोबांच्या शब्दांआधी ‘वे’ हे उपपद लागते. त्याचा अर्थ ‘बाहेरचे’, आणि पितृवंशाला धरून चाललेल्या जुन्या कुटुंबव्यवस्थेची ती खूण आहे. पुरुषाला कुटुंबप्रमुख मानणारी ‘होजू’ ही नोंदणीपद्धत दक्षिण कोरियात 2008 मध्ये संपली, तरी शब्द मात्र राहिले.

भावंडांच्या बाबतीत बोलणारा मुलगा आहे की मुलगी, हेही पाहावे लागते. थोरल्या भावाला मुलगा ‘ह्यॉंग’ म्हणतो, मुलगी ‘ओप्पा’. थोरल्या बहिणीला मुलगा ‘नूना’ म्हणतो, मुलगी ‘ऑन्नी’. म्हणजे एकाच घरात एकाच दादाला धाकटा भाऊ आणि धाकटी बहीण वेगवेगळी हाक मारतात. धाकट्यांना मात्र ‘तोंगसॅंग’ हा एकच शब्द पुरतो. थोरल्यांनी त्यांना सरळ नावाने हाक मारावी. धाकट्याने थोरल्याला नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे ठरते.

आत्या ‘कोमो’, मावशी ‘इमो’, मामा ‘वेसामछोन’. ही विभागणी मराठी माणसाला घरचीच वाटेल. वडिलांच्या भावांत थोरला-धाकटा भेद असून थोरल्या काकांना ‘खुनाबोजी’ म्हणजे ‘मोठे वडील’ म्हणतात. खाणावळीतल्या मध्यमवयीन बाईंनाही गिऱ्हाइके ‘इमो’ म्हणूनच हाक मारतात.

नात्याचे अंतर ‘छोन’ या एककात मोजतात. आई-वडील आणि मूल यांच्यात एक छोन, सख्ख्या भावंडांत दोन, काकांशी तीन, चुलत भावंडांशी चार. ‘सामछोन’ (काका) आणि ‘साछोन’ (चुलत, आते, मामे, मावसभावंड) हे शब्द या आकड्यांवरूनच बनले आहेत. पती-पत्नींत छोन मोजतच नाहीत. दक्षिण कोरियाच्या नागरी कायद्यात आठ छोनांपर्यंतच्या रक्ताच्या नातलगांत विवाहाला मनाई आहे.

क्रियापदांचे मूळ रूप ‘-दा’ने संपते : ‘कादा’ (जाणे), ‘ओदा’ (येणे), ‘मॉक्ता’ (खाणे; येथे ‘-दा’चा उच्चार ‘ता’ होतो), ‘चादा’ (झोपणे), ‘पोदा’ (पाहणे), ‘हादा’ (करणे). मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. नामाला ‘हादा’ जोडून शेकडो क्रियापदे बनतात. ‘कोंगबु’ म्हणजे अभ्यास, ‘कोंगबुहादा’ म्हणजे अभ्यास करणे. लिंग, वचन, पुरुष यांप्रमाणे रूप बदलत नाही. ‘कायो’ हे एकच रूप ‘मी जातो’, ‘ती जाते’, ‘ते जातात’ या सगळ्यांना चालते. मराठी भाषकाला ही मोठी सूट आहे.

खरी कसोटी आदराची. धाकटा भाऊ झोपला असेल तर ‘तोंगसॅंगी चायो’ म्हणतात. आजी झोपली असेल तर ‘चायो’ चालत नाही. तेथे ‘हालमोनीक्केसॉ चुमुसेयो’ म्हणावे लागते. धातू बदलला आणि कर्त्याचा प्रत्ययही बदलला. मराठीत ‘आजी झोपल्या आहेत’ असे अनेकवचन केले की भागते. कोरियनमध्ये निवडक क्रियापदांना आदराचा स्वतंत्र शब्दच आहे. खाण्याला ‘तुशिदा’, असण्याला ‘केशिदा’. जेवणाचा नेहमीचा शब्द ‘पाप’, वडीलधाऱ्यांच्या जेवणाला ‘चिंजी’. इतर बहुतेक धातूंना आदरासाठी ‘शि’ हा प्रत्यय पुरतो : ‘कादा’चे ‘काशिदा’, ‘ओदा’चे ‘ओशिदा’. ही आदरार्थी रूपे बोलणारा स्वतःविषयी कधीच वापरत नाही.