'गो-वेंट-गॉन' असं का?

शाळेत इंग्रजीच्या वहीत तीन उभे रकाने आखायचे आणि घोकायचं: गो-वेंट-गॉन, सिंग-सँग-संग. 'गो'ला सरळ 'एड' का लागत नाही, असं विचारलं की 'ते तसंच असतं' एवढंच उत्तर मिळायचं. खरं उत्तर त्याहून कितीतरी सुंदर आहे.

धातूतला स्वर बदलून भूतकाळ करायची इंग्रजीत फार जुनी रीत होती. सिंग-सँग-संग हा तिचाच अवशेष. 'एड' लावायची सोपी रीत फोफावली, तशी जुनी क्रियापदं एकेक करून तिकडे गेली. 'हेल्प'चं भूतकाळी रूप एकेकाळी 'होल्प' होतं! आजचं नवं क्रियापद तर विचारही न करता 'गूगल्ड' होतं.

मग 'वेंट' कसं टिकलं? 2007 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एरेझ लीबरमन या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी याची मोजदाद मांडली. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित, म्हणजे 'एड'च्या नियमात न बसणारी, क्रियापदं त्यांनी घेतली. त्यांतली आज 98 तशी उरली आहेत. वापर शंभरपट कमी असेल, तर क्रियापद दहापट वेगानं नियमित होतं. जे रोज तोंडात असतं ते आठवणीतून जात नाही; क्वचित लागणारं रूप आठवलं नाही की माणूस नियम लावून मोकळा होतो. 'वेंट' तर मुळात 'वेंड' या वेगळ्याच क्रियापदाचं रूप, 'गो'नं ते आपलंसं केलं.

मराठीतही तेच. बस-बसला, पण जा-गेला, कर-केला, मर-मेला. सगळी रोजची क्रियापदं! लहान मूल 'मी करलं' म्हणतं तेव्हा हसू नये, त्याला नियम सापडलेला असतो. इंग्रजी बोलणारी मुलंही 'गो'ला 'एड' लावतातच.

'गेला', 'केला', 'मेला' यांच्या मुळाशी संस्कृतातले गत, कृत, मृत आहेत. ही कृदन्तं, म्हणजे धातूपासून झालेली विशेषणं. वहीतल्या तिसऱ्या रकान्याची भावंडं. आपला '-ला'चा भूतकाळ अशा विशेषणांतूनच घडला. म्हणून तर खाणारी 'ती' असली तरी आपण म्हणतो 'तिनं आंबा खाल्ला', आणि खाणारा 'तो' असला तरी 'त्यानं पोळी खाल्ली'. क्रियापद अजून आंब्याचं आणि पोळीचं लिंग सांभाळतं आहे.