स्वप्नातला सराव बोटांपर्यंत पोहोचतो का?

मे महिन्यात नागपुरात गच्चीवर झोपणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पहाटे तीन-साडेतीनला हवेत जरा गारवा उतरतो, तहानेने जाग येते, माठातले पाणी पिऊन माणूस पुन्हा आडवा होतो आणि ऊन अंगावर येईपर्यंतच्या दोन-अडीच तासांत जी स्वप्ने पडतात, ती आधीच्या रात्रीतल्या कोणत्याही स्वप्नापेक्षा ठसठशीत असतात. पहाटेचे स्वप्न खरे होते, ही आपल्याकडची जुनी समजूत या ठसठशीतपणातूनच आली असावी. त्याचे कारण झोपेच्या रचनेत आहे. झोप सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांनी चालते आणि आवर्तनाच्या शेवटी बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलण्याचा एक टप्पा येतो. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये तो जगासमोर आणला. आज त्याला रेम झोप म्हणतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांतच संपतो, पहाटेकडे मात्र तो बराच लांबतो, आणि ठळक, कथानक असलेली स्वप्ने बहुतांशी त्यातच पडतात.

अशा स्वप्नात कधीकधी एक विलक्षण गोष्ट घडते: झोप न मोडता स्वप्न पाहणाऱ्याला कळते की आपण स्वप्नात आहोत. डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हॅन एडन यांनी १९१३ मध्ये अशा स्वप्नांना ‘ल्युसिड ड्रीम’ म्हटले. आपण त्यांना सजग स्वप्ने म्हणू. अनेक सर्वेक्षणांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २०१६ मधील एका अभ्यासानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी असे स्वप्न पडलेले असते आणि सुमारे २३ टक्के लोकांना ते महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा पडते.

झोपलेल्या माणसाचा हा दावा तपासायचा कसा, हा प्रश्न बरीच वर्षे अडून होता. रेम झोपेत मेंदूच्या खोडातून मज्जारज्जूला असे संदेश जातात की हातापायांचे स्नायू जवळपास लुळे पडतात. या व्यवस्थेमुळेच आपण स्वप्नात धावताना अंथरुणातून उठून धावत नाही. डोळ्यांचे स्नायू मात्र या बंधनातून सुटलेले असतात. हाच धागा पकडून १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल येथे कीथ हर्न यांनी आणि पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी सहभागींशी आधीच खूण ठरवून घेतली: स्वप्नात भान आले की नजर डावीकडे-उजवीकडे ठरावीक वेळा फिरवायची. यंत्रावर मेंदूच्या लहरी झोप दाखवत असतानाच ती खूण उमटली, आणि सजग स्वप्नांना प्रयोगशाळेत जागा मिळाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सीताबर्डीच्या एखाद्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टंकलेखनाच्या मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी रोज तासभर एकाच ओळीवर बोटे फिरवते. तीच ओळ तिने सजग स्वप्नात गिरवली, तर सकाळी तिचा वेग वाढेल का? या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा प्रयोग टाडास स्टुम्ब्रिस, डॅनियल एरलाखर आणि मिखाएल श्रेडल यांनी केला आहे. ६८ सहभागींनी संध्याकाळी कळफलकावर बोटांचा एक क्रम वाजवून दाखवला. रात्री एका गटाने तो प्रत्यक्ष गिरवला, दुसऱ्याने जागेपणी केवळ मनात, तिसऱ्याने सजग स्वप्नात, आणि चौथ्या गटाने काहीच केले नाही. सकाळच्या चाचणीत स्वप्नात सराव करणाऱ्यांची कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी, प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांची १७ टक्क्यांनी आणि मनात उजळणी करणाऱ्यांची १२ टक्क्यांनी सुधारली.

हे आकडे पाहून स्वप्नातला सराव खऱ्या सरावापेक्षा सरस, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. या तीन गटांमधील फरक इतका मोठा नव्हता की त्यांची क्रमवारी लावता यावी, आणि प्रयोग ऑनलाइन झाला होता, म्हणजे प्रयोगशाळेतील यंत्रांची देखरेख त्यावर नव्हती. शिवाय नुसत्या झोपेचाही वाटा मोजावा लागतो. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले होते की अशाच प्रकारचा बोटांचा क्रम शिकून माणूस रात्रभर झोपला, तर जास्तीचा सराव न करताही त्याचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच स्वस्थ राहिलेल्या चौथ्या गटाला महत्त्व आहे: त्या गटात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. माझ्या मते या प्रयोगातून एवढेच ठामपणे म्हणता येते की स्वप्नातली उजळणी वाया जात नाही.

ती वाया का जात नाही, याचे उत्तर मेंदूच्या प्रतिमांनी दिले आहे. २०११ मध्ये मार्टिन ड्रेस्लर आणि सहकाऱ्यांनी सजग स्वप्नात मूठ आवळणाऱ्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हा प्रत्यक्ष मूठ आवळताना हालचालीच्या ज्या भागात क्रियाशीलता वाढते, तोच भाग जागा झालेला दिसला. आज्ञा मेंदूत तयार होते. ती अडते मज्जारज्जूपाशी. स्वप्नात उठाबशा काढणाऱ्यांच्या हृदयाची गती वाढल्याचेही आढळले आहे.

तरीही या सरावाला एक मोठी उणीव आहे, आणि तबल्याचे उदाहरण घेतले की ती लगेच ध्यानात येते. शिष्याचा ‘तिरकिट’ पुसट वाजला, तर प्रत्यक्ष बैठकीत चामडे ते सांगते आणि गुरुजींचा कानही ते पकडतो. जाग्या माणसाचा लहान मेंदू अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम यांची सतत तुलना करून हालचाल सुधारत असतो. स्वप्नात मात्र वाजवणारा हात, वाजणारा तबला आणि ऐकणारा कान हे तिन्ही एकाच मेंदूने उभे केलेले असतात. म्हणून मनगट चुकीचे वळत असले, तरी नाद हवा तसा येऊ शकतो आणि चूकच पक्की होण्याचा धोका राहतो. लयीचाही भरवसा नाही, कारण उठाबशा किंवा चालणे यांसारख्या हालचालींना सजग स्वप्नात जागेपणापेक्षा जास्त वेळ लागतो, असे मोजमापांत दिसले आहे. टंकलेखनाची अडचण निराळी आहे: स्वप्नातला मजकूर दुसऱ्यांदा वाचायला गेले की बहुधा बदललेला असतो, त्यामुळे बोटे फिरतील, पण चुका मोजता येणार नाहीत.

स्वप्न आज्ञाधारकही नसते. एरलाखर आणि श्रेडल यांच्या २०१० मधील प्रयोगात दोन मीटरवरच्या पेल्यात नाणी टाकायची होती. स्वप्नात सराव करू पाहणाऱ्या २० जणांपैकी फक्त सात जणांना ते साधले. २० नाण्यांपैकी त्यांचे यशस्वी नेम सरासरी ३.७ वरून ५.३ वर गेले, उरलेल्या तेरा जणांत सुधारणा झाली नाही. पुढे डार्टच्या बाणांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांचे लक्ष स्वप्नात फारसे विचलित झाले नाही त्यांचाच नेम सुधारला, सुमारे १८ टक्क्यांनी. स्वप्नातल्या इतर घडामोडींनी ज्यांना घेरले, त्यांच्या वाट्याला हा लाभ आला नाही.

बाहेरून दुरुस्ती पोहोचवण्याची एक वाट मात्र किलकिली झाली आहे. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील चार प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसांना प्रश्न विचारले. ‘आठातून सहा गेले किती?’ याचे उत्तर एका सहभागीने स्वप्नातूनच, दोनदा नजर फिरवून, दिले. १५८ प्रयत्नांपैकी सुमारे १८ टक्के वेळा बरोबर उत्तर आले. प्रमाण थोडे असले, तरी बाहेरचा आवाज स्वप्नात पोहोचतो आणि तिथे समजतो, हे सिद्ध झाले.

ज्यांना स्वतः प्रयत्न करायचा आहे, त्यांच्यासाठी लाबर्ज यांची पद्धत ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ या म्हणीच्या फार जवळची आहे. पाच-एक तास झोप झाल्यावर उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे, नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे आणि ‘पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला कळेल’ असा निश्चय घोळवत पुन्हा झोपायचे. दिवसा अधूनमधून एखादी पाटी दोनदा वाचून मजकूर बदलला का हे पाहण्याची सवय लावली, तर तीच तपासणी स्वप्नातही हातून होते. परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याने मात्र यासाठी झोप मोडू नये, आणि भ्रम किंवा भास होणाऱ्या आजाराचा इतिहास असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. स्वप्नात भान आलेच, तर नवे काही शिकण्याऐवजी हाताला आधीच बसलेली एखादी ओळ किंवा एखादा बोल निवडावा, तो संथपणे गिरवावा, आणि उठल्यावर लगेच खऱ्या कळफलकावर किंवा तबल्यावर वाजवून दुसऱ्या कुणाला तरी ऐकवावा.