हॅरॉल्ड हॉटेलिंग

हॅरॉल्ड हॉटेलिंग (१८९५–१९७३) हे अमेरिकन गणिती, संख्याशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ, आणि यातलं आधी काय लिहायचं हाच प्रश्न, कारण स्टॅटिस्टिक्सवाले त्यांना आपलं म्हणतात आणि इकॉनॉमिक्सवाले आपलं. जन्म मिनेसोटातल्या फुल्डा गावचा. पहिली डिग्री चक्क पत्रकारितेची, मग गणिताकडे वळले आणि १९२४ ला प्रिन्स्टनहून टोपॉलॉजीत (आकार ताणले-वाकवले तरी जे गुण टिकतात त्यांचं गणित) पीएचडी. पुढे नोकरी स्टॅनफर्ड विद्यापीठात, १९३१ पासून कोलंबियात, १९४६ नंतर नॉर्थ कॅरोलायनात.

१९३१ चा त्यांचा पेपर संपणाऱ्या साधनांवर आहे, म्हणजे तेल, कोळसा, तांबं वगैरे. खाणमालकाने माल आज काढून विकला तर त्या पैशावर व्याज मिळतं, जमिनीतच ठेवला तर भाव वाढेल तेवढाच फायदा, मग दोन्ही सारखंच पडायचं तर काढायचा खर्च वजा जाऊन उरणारा भाव व्याजदराच्याच वेगाने चढायला हवा. हाच हॉटेलिंगचा नियम. वाचायला सोपा वाटतो, पण पेपरमधलं कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स (सगळ्यात फायद्याचा मार्ग शोधायचं वरच्या पातळीचं गणित) तेव्हाच्या बहुतेक अर्थतज्ज्ञांच्या डोक्यावरून जाणारं होतं. त्यात अजून एक गंमत म्हणजे मक्तेदार भाव चढा ठेवायला माल सहसा हळू काढतो, त्यामुळे साठा उलट जास्त टिकतो!

संख्याशास्त्रात त्यांची कामं म्हणजे टी-स्क्वेअर (अनेक मोजमापांच्या सरासऱ्या एकदम ताडून बघायची चाचणी, १९३१), प्रिन्सिपल कंपोनंट्स (पुष्कळ आकड्यांचं सार थोड्या आकड्यांत आणायची पद्धत, १९३३, मूळ कल्पना संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनची १९०१ ची) आणि कॅनॉनिकल कोरिलेशन (मोजमापांच्या दोन गटांचा एकमेकांशी संबंध शोधायची पद्धत, १९३६). डेटा सायन्सवाले यातलं बरंच आजही वापरतात.

मला स्वतःला त्यांचं सगळ्यात भारी काम वाटतं ते एक पत्र. १९४७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसला त्यांनी लिहिलं की पार्कभोवती अंतराप्रमाणे वर्तुळं आखा, प्रत्येक पट्ट्यातून किती लोक येतात ते मोजा, आणि लांबून येणारा प्रवासावर जो जास्त खर्च करतो त्याला किंमत धरून मागणीची रेघ (किती किमतीला किती लोक येतील ते दाखवणारी) काढा, मग तिकीट नाममात्र असलं तरी पार्कची किंमत लोकांना किती वाटते ते कळतं. यावर सविस्तर काम नंतर अर्थतज्ज्ञ मॅरियन क्लॉसन वगैरेंनी केलं, आज याला ट्रॅव्हल कॉस्ट मेथड म्हणतात.

संपणाऱ्या साधनांवरचा १९३१ चा पेपर मात्र बरीच वर्षं धूळ खात पडला आणि खरा गाजला तो १९७३ च्या तेलसंकटानंतर. प्रत्यक्षात खनिजांचे भाव काही नियमाप्रमाणे सरळ चढले नाहीत, नवे साठे सापडत गेले, काढायचं तंत्र स्वस्त होत गेलं, त्यामुळे नियम किती लागू पडतो यावर वाद अजून चालूच आहे.